मास्तरला मास्तर हवा होता

मी आयुष्यभर नगरमध्ये गोल्फ शिकवला असं सांगितलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. नगरमध्ये गोल्फ आहे? आणि असला खेळ शिकवावा लागतो? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. शहराच्या कडेला लष्कराच्या हद्दीत मैदान आहे, इंग्रजांच्या काळापासूनचं म्हणतात. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर थोडं बसावं लागेल.

खेळ असा. जमिनीत नऊ खड्डे, एकमेकांपासून लांब लांब. दोनदा फेरी मारली की अठरा होतात. अंड्याहून लहान पांढरा चेंडू काठीनं मारत मारत एकेका खड्ड्यात घालायचा. ज्याला सगळ्यात कमी फटके लागले तो जिंकला. टीव्हीवर गोल्फ दिसतो तो हिरव्यागार गवतावर. नगरला पावसाळ्याचे महिने सोडले तर गवत कुठून आणणार? बाभळी, बोरी, कडुनिंब आणि मधे पिवळं पडलेलं माळरान, हे आमचं मैदान. खड्ड्याभोवती जिथं इतरत्र मखमलीसारखं गवत असतं तिथं आम्ही वाळू चाळून तिच्यात गाड्यांचं जळकं ऑइल कालवून पसरायचो, म्हणजे वाऱ्यानं ती उडत नाही. त्या काळ्या-तपकिरी वर्तुळाला आम्ही ब्राउन म्हणायचो. चेंडू मारायच्या आधी फळी फिरवून पावलांचे ठसे पुसायचे. त्या वाळूवर चेंडू सावकाश आणि सरळ जातो. घरी गेल्यावर मात्र चपलांना ऑइलचा वास येतो आणि बायको त्या दाराबाहेर ठेवायला लावते.

या मैदानावर मी आलो तो कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागं चालणारा. वडील छावणीतल्या मेसमध्ये होते, त्यांच्या शब्दावर लागलो. पिशव्या वाहता वाहता खेळायला शिकलो आणि जुने कोच निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा मला मिळाली. साहेब लोक ‘सुदाम’ म्हणायचे ते हळूहळू ‘मास्तर’ म्हणायला लागले. आईला त्याचं फार अप्रूप होतं. मास्तर म्हणजे शाळेतला, एवढंच तिला माहीत. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

शिकायला यायचे ते बहुतेक अधिकारी आणि त्यांच्या बायका. बाहेरच्यांनाही सभासद होता येत असे, त्यामुळे डॉक्टर, वकील, कारखानदार असे पाहुणे अधूनमधून उगवायचे. त्यातले एक कापडबाजारातले बोरा शेठ. एका सकाळी पांढऱ्या सदऱ्यात आले आणि म्हणाले, मुलीचं जमलंय, व्याही पुण्याचे आहेत, गोल्फ खेळतात, आणि साखरपुड्याच्या आधी एकदा सोबत खेळू म्हणालेत. मी विचारलं, साखरपुडा कधी? तर येत्या पंधरवड्यात. मी म्हटलं, शेठ, या खेळात पंधरवड्यात माणूस नीट उभा राहायला शिकतो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘‘मास्तर, मला जिंकायचं नाही. फक्त हसं व्हायला नको.’’

मग मी त्यांना एकच काठी दिली आणि एकच फटका शिकवला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी यायचे आणि तोच फटका मारायचे. व्याही आले तेव्हा शेठनी पहिल्या दोन खड्ड्यांवर चेंडू झकास मारला आणि तिसऱ्याला कंबर धरून बसले. उरलेला वेळ दोघं लिंबाखाली बसून लग्नाचं बोलले. मुलगी सुखात आहे. शेठ पुन्हा मैदानावर आले नाहीत, पण दिवाळीला मिठाईचा पुडा येत राहिला. कोचिंग म्हणजे कधीकधी एवढंच असतं.

माझी शिकवायची रीत म्हणजे बोलणं. डोकं खाली, कोपर सैल, गुडघा किंचित वाकवा, खांदा आधी वळू दे, काठी आवळू नका. चेंडू गेल्यावर काय चुकलं ते सांगायचं आणि मारायच्या आधी काय चुकेल तेही सांगायचं. माझ्या तोंडाला विश्रांती नव्हती. लोक शिकलेही त्यातून, काही तर चांगले खेळाडू झाले. त्यामुळे दुसरी रीत असते हे मनात यायचं कारण नव्हतं.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ असेल. माझा हात उडायला लागला.

हे जरा समजावून सांगतो. गोल्फमध्ये लांबचा फटका अवघड दिसतो, पण माणूस मोडतो तो जवळच्या फटक्यावर. चेंडू खड्ड्यापासून हात-दीड हातावर आलेला असतो, नुसता ढकलायचा असतो. त्याला पट म्हणतात. शेंबडं पोरही घालेल असा तो पट मारताना काठी चेंडूला लागायच्या नेमक्या क्षणी माझ्या उजव्या मनगटाला हिसका बसायचा. कोणीतरी मागून कोपराला धक्का द्यावा तसा. चेंडू खड्ड्याला वळसा घालून पलीकडं. या दुखण्याला इंग्रजीत नाव आहे, मोठमोठ्या खेळाडूंना होतं म्हणे. आमच्याकडे ‘हात उडतो’ एवढंच म्हणायचे आणि ज्याचा उडतो त्याच्यासमोर तो विषय काढायचे नाहीत. जणू काढला तर त्यांनाही लागेल.

शिकवताना अडचण नव्हती. मी उभा राहून बोलायचो, मारायचे दुसरे. लपून गेलं असतं कितीतरी वर्षं. पण संक्रांतीनंतर क्लबच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं. ते निवृत्त कर्नल होते आणि माणूस सरळ. ते म्हणाले की यापुढे कोचकडे प्रमाणपत्र लागणार, वरून तसं ठरलंय. पावसाळ्याआधी पुण्यात परीक्षा आहे. तोंडी आहे, शिकवून दाखवायचं आहे, आणि मुख्य म्हणजे स्वतः खेळून ठरावीक फटक्यांच्या आत फेरी संपवायची आहे. ‘‘तुला काय अवघड आहे?’’ असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नाही झालं तर काय, हे मी विचारलं. ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले की दुसरा माणूस आणावा लागेल आणि तुला स्टोअरमध्ये कुठंतरी बसवू.

पिशव्या वाहण्यापासून मास्तर होईपर्यंत माझी निम्मी हयात गेली होती. स्टोअरमध्ये बसून दुसऱ्याला मास्तर म्हणताना ऐकायचं, हे मला सोसलं नसतं.

आम्ही तेव्हा केडगावला राहत होतो. शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती बाळंतविडा शिवत होती. तिनं सुई आणि दोरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ओवून दाखवा. मी पहिल्याच खेपेला ओवला. तिनं सुई परत घेतली.

‘‘हात तर चांगला हाय,’’ ती म्हणाली. ‘‘मग दुखणं हातात न्हाई.’’

मग कुठं आहे, हे तिला सांगता येत नव्हतं आणि मलाही. पण मला शिकवणारा कोणीतरी हवा होता, एवढं त्या दिवशी कळलं. माझ्या वयाच्या मास्तरानं मास्तर शोधायचा, याची लाज वाटत होती. तरी निघालो.

पहिले भेटले ते पुण्याचे बेहराम सर. पारशी गृहस्थ, अतिशय सभ्य. फरशीवर खडूच्या रेघा मारलेल्या, भिंतीला मोठा आरसा. मला आरशासमोर उभं करून त्यांनी प्रत्येक सांध्याचं कारण सांगितलं. मनगट का उडतं, कारण पकड अशी. पकड अशी का, कारण खांदा असा. खांदा असा का, कारण पाय. त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो की हा माणूस माझ्याहून शंभरपट चांगला मास्तर आहे. चार-पाच रविवार गेलो. नगरला परतून ब्राउनवर उभा राहिलो की माझ्या जुन्या सूचनांच्या रांगेत बेहराम सरांच्या नव्या सूचना येऊन उभ्या राहायच्या, आणि हात आधीपेक्षा जोरात उडायचा. एकदा तर चेंडू ब्राउनच्या बाहेर गेला. दीड हातावरून.

दुसरे होते ते स्पर्धा गाजवलेले खेळाडू. त्यांची रीत म्हणजे, ‘‘देखो और मारो.’’ ते मारायचे, चेंडू खड्ड्यात. पुन्हा मारायचे, पुन्हा खड्ड्यात. जादूचे प्रयोग बघावेत तसं मी बघत राहिलो. त्यांनाही माझा कंटाळा आला असावा.

चैत्र लागला तेव्हा मी जवळपास आशा सोडली होती. अशात छावणीत बदलून आलेल्या एका वयस्क मेजर साहेबांनी सांगितलं की त्यांना तरुणपणी एका सुभेदारानं शिकवलं होतं. हात उडणाऱ्यांना घेऊन बसायचा, म्हणाले. शेटे नावाचा. रिटायर होऊन देवळालीला असतो.

आता लष्करातल्या माणसानं देवळाली म्हटलं की नाशिकची देवळाली, तिथं मोठी छावणी आहे, गोल्फचं मैदान आहे. मी एक दिवस सुट्टी टाकून, काठी आणि दोन-चार चेंडू सोबत घेऊन पहाटेची एसटी धरली आणि नाशिक गाठलं. मैदानाच्या फाटकावर चौकशी केली तर पहारेकरी हसायला लागला. शेटे सुभेदार इथं कधीच नव्हते, म्हणाला. मग आतून एक म्हातारा माळी आला, त्याला ते माहीत होते. म्हणाला, ‘‘ते देवळाली प्रवऱ्याचे. तुमच्याच जिल्ह्यात, राहुरीजवळ.’’

म्हणजे सकाळी माझी एसटी ज्या राहुरी फॅक्टरीच्या थांब्यावर पाच मिनिटं उभी होती आणि मी खिडकीतून उसाचा रस घेऊन प्यायलो होतो, तिथून तो माणूस हाकेच्या अंतरावर राहत होता. परतीच्या गाडीनं मी तिथंच उतरलो. उन्हं कलायला आली होती. एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं मला वस्तीपर्यंत सोडलं.

सुभेदार बनियन-पायजम्यात उसाला पाणी देत होते. उंच, काटक, मिशा पांढऱ्या. मी कोण, कुठून, कशाला आलो ते सांगितलं. नाशिकचंही सांगितलं. ते ऐकून त्यांनी पाण्याचा दंड बंद केला, फावडं खांद्यावर घेतलं आणि घराकडं चालू लागले. घरामागं खळं होतं. शेणानं सारवलेलं, गुळगुळीत, आणि त्याच्या एका टोकाला डालड्याचा डबा जमिनीत पुरलेला. पलीकडच्या अर्ध्या खळ्यावर काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. सुभेदार म्हणाले, मारा.

मी मारला. हात उडाला. चेंडू डब्याला चुकवून सरळ कुरडयांत घुसला. काकू ओट्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या, चेंडू उचलून पदराला पुसला आणि परत दिला.

सुभेदारांनी मला खाटेवर बसवलं. माझ्या पकडीबद्दल, खांद्याबद्दल, पायांबद्दल एक शब्द नाही. त्यांनी विचारलं की मारायच्या वक्ताला डोक्यात काय चालू असतं. मी सांगायला लागलो. डोकं खाली, कोपर सैल, मनगट घट्ट, श्वास सोड, घाई नको, चेंडूवरून नजर हलवू नको. सांगता सांगता मला माझाच आवाज ऐकू यायला लागला.

‘‘हे सगळं कोन बोलतं?’’ सुभेदारांनी विचारलं.

‘‘मीच.’’

‘‘मास्तर हायेत म्हना की आत एक.’’ ते मिशीत हसले. ‘‘त्यांना जरा भाईर बसवू. लई दमलेत ते.’’

मग त्यांनी मला डोळे मिटून मारायला सांगितलं. चेंडू डब्यात जायची गरज न्हाई, म्हणाले. फकस्त इतकंच सांगायचं, कुठं गेला. डावीकडं का उजवीकडं, अलीकडं का पलीकडं. डोळे न उघडता. मी मारला आणि म्हणालो, उजवीकडे. डोळे उघडले तर चेंडू डावीकडे होता, बराच. पुन्हा मारला. अलीकडे म्हणालो, गेला होता पलीकडे. इतकी वर्षं मी लोकांना त्यांचा चेंडू कुठं जातोय ते सांगत आलो होतो आणि माझा स्वतःचा चेंडू कुठं जातो याचा मला पत्ताच नव्हता. सुभेदार प्रत्येक वेळी फक्त ‘बघा’ म्हणायचे. चूक म्हणायचे नाहीत, बरोबरही म्हणायचे नाहीत.

अंधार पडायच्या आत मी एकदा ‘डावीकडे, जरा पलीकडे’ म्हणालो आणि डोळे उघडले तेव्हा चेंडू तिथंच होता. फटका चुकलेलाच होता. पण माझ्या छातीवरचं ओझं त्या क्षणी उतरलं, ते पुढच्या कुठल्याही बक्षिसानं उतरलं नसतं. आणि मग लक्षात आलं की हात उडालाच नव्हता. चेंडू कुठं जातोय ते ऐकण्यात मी इतका गुंतलो होतो की हिसका द्यायला आत कोणी मोकळं नव्हतं.

जेवल्याशिवाय काकूंनी सोडलं नाही. जेवताना सुभेदार म्हणाले, ‘‘माझा बी उडायचा. पंजाबात असताना. साहेब लोक समोर असले म्हंजी जास्तच.’’ तेव्हा कळलं की हा माणूस माझ्याशी इतक्या हळू आवाजात का बोलत होता.

सुट्टी मिळेल तेव्हा मी देवळाली प्रवऱ्याला जात राहिलो. एकदा गेलो तर त्यांची पाण्याची पाळी होती, तर मी एकटाच खळ्यावर मारत बसलो आणि ते उसातून ओरडून विचारायचे, कुठं गेला? मी ओरडून सांगायचो. काकूंनी कुरडया माळवदावर हलवल्या. सारवलेलं खळं आमच्या ब्राउनपेक्षा कितीतरी चपळ होतं, पुण्याच्या गवताला जवळचं. ते सुभेदारांनी मुद्दाम केलं होतं की खळं ते खळंच, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. प्रश्न ते विचारायचे.

परीक्षेच्या दिवशी पुण्यात उकाडा मरणाचा होता. सोबत मुंबईचे, कोल्हापूरचे, बेळगावचे उमेदवार होते. सगळे माझ्याहून तरुण. तोंडी परीक्षा बरी गेली. शिकवून दाखवायला मला एक परीक्षकच विद्यार्थी म्हणून दिला होता. सवयीनं तोंड उघडलं, मग मिटलं आणि त्यांना विचारलं, साहेब, कुठं गेला असं वाटतं? ते चमकले. नंतर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग खेळ. लांबचे फटके माझे कधीच वाईट नव्हते. गवतावरचे पट काही गेले, काही राहिले. एक मात्र होतं, राहिलेला प्रत्येक पट कुठं गेला ते मला बघायच्या आधी कळत होतं. शेवटच्या खड्ड्यापाशी आलो तेव्हा सोबतच्या कॅडीनं हळूच सांगितलं की हा घातला तर आत, नाहीतर बाहेर. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. चेंडू दीड हातावर होता.

तिथं उभा राहिल्यावर मला स्टोअरची खोली दिसली. शोभा दिसली. सेक्रेटरी साहेब खिडकीबाहेर बघताना दिसले. मनगट गार पडलं. काठी मागं नेली आणि आतले मास्तर बोलायला लागले, डोकं खाली, कोपर... मी थांबलो. काठी उचलली, दोन पावलं मागं आलो. परीक्षक बघत होते. उशीर लावतोय असं त्यांना वाटलं असेल. मी पुन्हा उभा राहिलो, चेंडूकडे बघितलंच नाही, खड्ड्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. सारवलेल्या जमिनीवर चेंडू सुटतो तसा तो सुटला. मी मनात म्हणालो, सरळ. मग डब्यात खडा पडावा तसा आवाज आला.

डोळे उघडायची घाई झाली नाही. मग कडेला जाऊन बुटांसकट गवतावर बसलो. बेहराम सर दुसऱ्या कोणाबरोबर आले होते, ते चालत येऊन शेजारी उभे राहिले, हात पुढं केला आणि विचारलं की शेवटी काय उपाय सापडला. मी म्हटलं, सर, मला मुका मास्तर लागत होता. ते मनापासून हसले.

परतीच्या एसटीत मी असा झोपलो की केडगाव मागं गेलेलं कळलंच नाही. माळीवाड्याच्या स्टँडवर कंडक्टरनं उठवलं. तिथून रिक्षानं उलटा घरी आलो. शोभा दारात होती. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. ती आत गेली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली. मग बाहेर येऊन म्हणाली, आता दोन घास सुखानं खा. किती महिन्यांनी मी भाकरीची चव घेतली असेन.

सुभेदारांना पेढे घेऊन गेलो. त्यांना मी मैदान बघायला नगरला बोलावलं. येतो म्हणाले. दर खेपेला कधी पाणी, कधी तोड, कधी नातवाचं काहीतरी आडवं यायचं. ते कधीच आले नाहीत. दोन-तीन उन्हाळ्यांनी ते गेल्याचं त्यांच्या मुलाचं पत्र आलं. आमच्या ब्राउनवर त्यांचा एक पट बघायचा राहून गेला, ही हळहळ आहे.

आता तुम्हाला वाटेल, मास्तरला शहाणपण आलं. मलाही तसंच वाटत होतं. मी माझी रीतच बदलून टाकली. बोलायचं बंद केलं, फक्त विचारायचं. कुठं गेला? आणि आता? बऱ्याच जणांचं भलं झालं. एक कॅप्टन तर म्हणाले की मास्तर, तुम्ही आजारी होता का, आवाज येत नाही. पण खेळ त्यांचा सुधारला.

त्याच सुमारास डॉक्टर मुथा यायला लागल्या. शहरातल्या दातांच्या डॉक्टर, चाळिशीच्या, नेटक्या, बोलायला मोजक्या. मी त्यांना सुभेदारांच्या रीतीनं शिकवायला घेतलं. चेंडू कुठं गेला, मॅडम? त्या कपाळाला आठी घालून म्हणायच्या, तुम्हीच सांगा ना. मी सांगायचो नाही. हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. निरोप यायचे. पेशंट आला, पाहुणे आले, कंपाउंडर नाही. कॅडी म्हणाला, मॅडमना खेळ जमत नाही. मला मात्र त्यांच्या डोळ्यांत काहीतरी ओळखीचं दिसलं होतं. पुण्याच्या आरशात मी तोच चेहरा बघितला होता, बेहराम सरांच्या शेजारी उभा असलेला, माझाच.

माझी रीत जुळत नाही हे त्यांना तोंडावर सांगायचा संकोच होत होता. मीही काय सांगावं या विचारात होतो. शेवटी दाढेनंच वाट काढली. एक दाढ ठणकायला लागली आणि मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसलो. मला बघून त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. मला खुर्चीत आडवं केलं, दिवा लावला, हातमोजे घातले आणि येणं का जमलं नाही त्याची कारणं सांगायला सुरुवात केली. तोंडात त्यांचा आरसा घालायच्या आत मी हात वर केला.

म्हणालो, ‘‘मॅडम, माझं शिकवणं तुम्हाला बसत नाही. त्यात तुमचं काही चुकत नाही आणि माझंही नाही. तुम्हाला कारणं हवीत. पुण्याला एक बेहराम सर आहेत, ते प्रत्येक सांध्याचं कारण सांगतात. तुमची बहीण तिकडंच असते ना? रविवारी जा. मी त्यांना फोन करतो.’’

त्यांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. मग खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि दीर्घ श्वास सोडला. ‘‘मास्तर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी किती दिवस हेच कसं सांगावं म्हणून झोपत नव्हते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.’’

मला जरा वाटलंच होतं, नाही असं नाही. पण त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला होता की मलाही हलकं वाटलं. पुढं त्या बेहराम सरांकडे उत्तम शिकल्या. आमच्या मैदानावर खेळायला यायच्या आणि मला प्रत्येक फटक्याचं कारण समजावून सांगायच्या. तेव्हापासून नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी मी सांगू लागलो, महिनाभर बघा, नाही जुळलं तर माझ्याकडे आणखी दोन पत्ते आहेत. काही गेले, बरेच राहिले. कोणी निरोप पाठवून गायब झालं नाही.

तर त्या दिवशी मॅडम खुशीत कामाला लागल्या. आधी सुई, मग दाढ कशी कोरायची, कुठली नस कुठं जाते, किडीनं आत कुठवर मजल मारली आहे, भरणी कशाची, ती किती वेळात घट्ट होते, सगळं त्या बारकाईनं सांगायला लागल्या. जसजशा सांगत गेल्या तसतसे माझे हात खुर्चीच्या दांड्याला आवळत गेले.

मी पुन्हा हात वर केला. त्यांनी आरसा बाहेर काढला आणि काळजीनं विचारलं, दुखतंय का?

‘‘नाही मॅडम,’’ मी म्हटलं. ‘‘फक्त काय करताय ते सांगू नका. नुसतं करा.’’